सोसायट्यांच्या कमिट्यांना आणि आमच्या रोडवरच्या दुकानदारांना खुलं पत्र, एका भंगारवाल्याकडून

नमस्कार मंडळी,

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण शहाणा आला. पुण्यात सिंहगड रोडच्या एका आतल्या गल्लीत माझं भंगाराचं दुकान आहे. वडील ढकलगाडी घेऊन "रद्दी पेपरेऽऽ" ओरडत फिरायचे, मग पत्र्याचं शेड टाकलं, आता मी बघतो. तुमच्यापैकी बरेच जण मला तोंडानं ओळखतात, नावानं नाही, चालायचंच. मोबाईलवर टाइप करतोय त्यामुळे चुका सांभाळून घ्या.

पत्र लिहायचं कारण असं की गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका सोसायटीनं गेटवर मोठा बोर्ड लावला, "शून्य कचरा सोसायटी", खाली तीन रंगांचे डबे, कमिटीचा फोटो, रिबन वगैरे सगळं झालं. आणि त्याच आठवड्यात तिथं बारा वर्षं दारोदार कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींना सांगितलं की उद्यापासून येऊ नका, आता आम्ही कॉन्ट्रॅक्टर लावलाय. कॉन्ट्रॅक्टरची गाडी चांगली आहे, पोरांना युनिफॉर्म आहे, वेळेवर येतात, नाव ठेवायला जागा नाही. फक्त मी सकाळी दुकान उघडताना रोज बघतो, हिरवा, निळा आणि लाल असे तिन्ही डबे एकाच गाडीत एकामागोमाग रिकामे होतात. म्हणजे तुम्ही घरात वेगळं केलं ते खाली येऊन परत एक झालं. त्या मावशी माझ्याकडेच माल घालतात, त्यांचा माल निम्म्यावर आला म्हणून मला हे कळलं. यात माझा स्वार्थ आहे का, तर आहे, माल आला नाही तर माझं दुकान चालत नाही. उघड सांगतोय म्हणजे नंतर कुणी ग्रुपवर टाकायला नको.

पण स्वार्थ बाजूला ठेवून एक गोष्ट मला कुणीतरी ऐकून घ्यावीशी वाटते. रिसायकल रिसायकल सगळे म्हणतात, डब्यावर तो तीन बाणांचा त्रिकोण छापलेला असतो, म्हणून लोकांना वाटतं की डब्यात टाकलं म्हणजे झालं रिसायकल. तसं नसतं हो. वस्तू रिसायकल होते ती कुणीतरी ती विकत घेतं तेव्हा. मावशीकडनं मी घेतो, माझ्याकडनं मोठा गोडाऊनवाला घेतो, त्याच्याकडनं कारखाना घेतो, आणि या साखळीत कुठेही एक जण "नको" म्हणाला की त्रिकोण छापलेला असो नाहीतर स्वस्तिक, तो माल कचरा डेपोवरच जातो. आणि "नको" कशामुळे म्हणतात ते नव्वद टक्के वेळा तुमच्या किचनमधे ठरलेलं असतं.

पुठ्ठ्याचंच घ्या. ऑनलाइन मागवता ना सगळं, तो खोका कोरडा असेल तर मी डोळे झाकून घेतो, दाबून गठ्ठे बांधतो, पेपर मिलचा माल उचलणारे येतात, गुजरातेत वापीकडे क्राफ्ट पेपरच्या, म्हणजे खोक्याच्या तपकिरी कागदाच्या मिल आहेत तिकडे वगैरे जातो, तिथं पाण्यात लगदा होतो आणि परत खोका होऊन तुमच्याच दारात येतो. कागदाचा धागा पाच-सात वेळा असा फिरू शकतो, दर वेळी थोडा आखूड होत जातो. पण त्याच खोक्यावर रात्रीची उरलेली आमटी सांडली की संपलं, तेल लागलेला कागद लगद्यात चालत नाही, पिझ्झाच्या खोक्याचं म्हणूनच असं असतं की झाकण कोरडं असेल तर फाडून द्या, खालचा तेलकट भाग ओल्या कचऱ्यात घाला. आणि नुसतं पाण्यानं भिजला तरी भाव पडतो कारण मिलवाला ओलावा मोजतो, पाण्याचे पैसे कोण देणार. पावसाळ्यात मी स्वतः माल झाकायला ताडपत्री घेऊन पळत असतो. बायको म्हणते पोरं शाळेतनं भिजून आली तरी एवढा पळत नाहीस.

लोखंडाचं बरं असतं, त्याला आमटीनं फरक पडत नाही. तुमच्या जुन्या खिडकीचं ग्रिल, मोडकी सायकल, पत्र्याचं कपाट, हे फिरत फिरत जालन्याला जाऊ शकतं, तिथं भट्ट्यांमधे वितळून सळया होतात. म्हणजे तुमच्या जुन्या बाल्कनीचं ग्रिल कुणाच्या तरी नव्या स्लॅबमधे असू शकतं. ॲल्युमिनियम तर राजा माल, मातीपासून नवीन बनवायला जी वीज लागते त्याच्या साधारण पाच टक्क्यांत जुनं वितळतं, म्हणून कोल्ड्रिंकचा कॅन रस्त्यावर फार वेळ पडलेला दिसत नाही, कुणीतरी उचलतोच. बिअरची बाटली धुवून परत भरली जाते, फुटली तर मात्र ती नुसती काच, आणि काच जड, स्वस्त आणि हात कापणारी.

प्लास्टिक हा खरा डोकेदुखीचा विषय. लोक म्हणतात प्लास्टिक एकच, अहो एका पाण्याच्या बाटलीत तीन प्रकार असतात, बाटली वेगळी, बूच वेगळं, वरचं लेबल वेगळं. कारखान्यात त्याचे तुकडे करून पाण्याच्या टाकीत सोडतात, बाटलीचे तुकडे तळाला बसतात आणि बुचाचे वर तरंगतात, असं साधं गणित आहे, मग त्या बाटलीपासून पॉलिस्टरचा धागा होतो, उशीत भरायचा कापूस होतो. बाकी बादल्या, मग, डबे, खुर्च्या यांची गिट्टी होते, म्हणजे बारीक तुकडे, आणि गिट्टी वितळवून दाणा होतो. मालेगावला असे पुष्कळ कारखाने आहेत, आणि जळगावची प्लास्टिकची चटई तुम्ही लग्नात, पिकनिकला, गच्चीवर अंथरली असेलच, त्यात असा जुन्या प्लास्टिकचा दाणा जातो. आता त्या चटईवर बसून जेवताना कुणाला आठवत असेल की ही कधीकाळी आपली मोडकी बादली होती.

दुधाची पिशवी हा मात्र माझा वीक पॉइंट आहे. चांगला माल आहे, स्वच्छ असेल तर हमखास जातो. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत द्यायचे असं ठरलं होतं, आमच्याकडे तरी ते ५० पैसे मागायला कधी कुणी आलं नाही. ते जाऊ दे. दोन गोष्टी करा, पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकत राहू द्या, कारण तो टीचभर तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही, सरळ नाल्यात जातो. आणि पिशवी विसळून तारेवर अडकवा. न विसळलेल्या दुधाच्या पिशव्यांचं पोतं मे महिन्यात दुपारी उघडून बघायला या एकदा, चहा माझ्याकडून, प्यायची इच्छा राहिली तर.

आता ज्याला गिऱ्हाईकच नाही असा माल. चिप्स, कुरकुरे, बिस्किटाचे चकचकीत पुडे, यात प्लास्टिकवर धातूचा पातळ मुलामा असतो आणि दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते परत वेगळे करणं परवडत नाही, फार फार तर सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात. थर्माकोल नुसती जागा खातो, टेम्पोभर थर्माकोल भरला तरी काट्यावर वजन काहीच भरत नाही. लग्नपत्रिका, त्यावर सोनेरी वर्ख, मखमल, गणपती चिकटवलेला, तो कागद राहत नाही. आणि दुकानाचं ते गुळगुळीत छापील बिल, गरम केल्यावर काळं पडतं ते, तेही रद्दीत चालत नाही, त्याच्यावर केमिकलचा थर असतो. मोठमोठ्या दुकानांत एका कोथिंबिरीच्या जुडीला हातभर बिल देतात, विचारा ना गिऱ्हाईकाला पाहिजे का म्हणून.

फ्लेक्सचं सांगायचं राहिलं. वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, भावी नगरसेवकांचे. ते पीव्हीसी, कुणी विकत घेत नाही. पण फुकट न्यायला मात्र लाइन असते, गोठ्यावर टाकायला, झोपडीवर टाकायला, माल झाकायला. माझ्या शेडवर आत्ता दोन भाऊ आणि एक दादा आहेत, सगळे हात जोडून हसतायत. भावी लोकांनी डोक्यावर छप्पर देण्याचं आश्वासन एवढं तरी पाळलं म्हणायचं.

यावरून आठवलं. आपल्याकडे वस्तू परत वापरायची अक्कल काय बाहेरून आलेली नाही. आजीच्या जुन्या नऊवारीची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पायपुसणं, मग चिंधी, मग चुलीवरची भांडी उतरवायला. बोहारीण दुपारी दारात बसायची, दोन पँटी आणि एक साडी द्या आणि स्टीलचं पातेलं घ्या, आणि त्या घासाघिशीत तासभर करमणूक वेगळी. ते कपडे धुवून, शिवून, इस्त्री करून परत विकले जायचे, अजून जातात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी, बुधवारी गेलात तर नटबोल्टपासून कॅमेऱ्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या वस्तू मिळतात. पण आता तुमच्या प्रत्येक गेटवर पाटी आहे "फेरीवाल्यांना प्रवेश नाही". म्हणजे बोहारीण नाही, कल्हईवाला नाही, छत्री दुरुस्तवाला नाही, गॅस शेगडी दुरुस्तवाला नाही आणि मीही नाही. सेक्युरिटीचा प्रश्न असतो, मान्य, मलाही समजतं. पण मग मिक्सरचं एक बटण गेलं की नवा मिक्सर येतो, आणि क्लबहाऊसमधे "सस्टेनेबल लिव्हिंग"वर बाहेरून स्पीकर बोलावता, हे जरा गमतीशीर नाही वाटत का? महिन्यातून एक रविवार पार्किंगमधे चार जणांना बसू द्या, नाव नोंदवून, ओळखपत्र बघून. एक मिक्सर-पंखेवाला, एक चप्पल-बॅगवाला, एक शिवणकामवाली आणि एक बोहारीण. मला नाही बोलावलं तरी चालेल, खरंच.

आता रोडवरच्या दुकानदारांशी. तुमचा माल चांगला, भरपूर आणि एकसारखा असतो, म्हणून तुमच्याकडून अपेक्षा जास्त. कपड्याच्या दुकानातल्या पारदर्शक पिशव्या, मोबाईलवाल्यांचे खोके, हार्डवेअरच्या पट्ट्या, हे रात्री शटर ओढताना एका बाजूला ठेवलं तर सकाळी मावशी एका फेरीत नेतील, पण तुम्ही चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या, झाडलेली धूळ सगळं त्याच पिशवीत कोंबून रस्त्याच्या कडेला ठेवता, मग रात्री कुत्री ते फाडतात आणि सकाळी तुम्हीच फोटो काढून टाकता "हे बघा आपलं पुणे". मोबाईल रिपेअरवाल्यांना हात जोडून सांगतो, फुगलेल्या बॅटऱ्या भंगारात टाकू नका. पोत्यात दाबल्या जातात, चेपल्या की पेट घेतात, आणि आमच्या शेडमधे सगळा कागदच असतो. ई-कचरा घेणारे परवानाधारक वेगळे असतात, त्यांना द्या. ट्यूबलाइट आणि सीएफएलमधे पारा असतो, त्याही वेगळ्या, न फोडता.

हॉटेलवाले, वडापाववाले, फरसाणवाले, तेलाबद्दल बोलायलाच पाहिजे. तळून तळून काळं झालेलं तेल तुम्ही डब्यांनी विकता, ते विकत घेऊन कोण काय करतं हे तुम्हालाही माहिती आहे आणि मलाही, पुढच्या चौकातल्या छोट्या गाडीवर त्यातच परत भजी निघतात. जुलै २०१८ पासून नियम आहे की तेलातले पोलर कंपाउंड, म्हणजे परत परत तळून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचंच नाही, आणि त्याच वर्षी एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, असं तेल गोळा करून बायोडिझेल करायची योजना काढली, ज्यांच्याकडे रोज ५० लिटरच्या वर तेल लागतं त्यांनी हिशोबही ठेवायचाय. बायोडिझेलवाले तेलाचे पैसे देतात. चार पैसे कमी मिळत असतील, पण त्या गाडीवर आपलीच पोरं कॉलेज सुटल्यावर खातात ना. ड्रेनेजमधे ओतू तर अजिबात नका, थंड झालं की पाइपात लोण्यासारखं बसतं आणि मग पहिल्या पावसात पाणी तुमच्याच दुकानात.

परत सोसायट्यांकडे येतो. २०१६ च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट सांगितलं होतं, ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा, आणि दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणारे मोठे लोक ओल्याचं तिथंच काहीतरी करतील. त्यासाठी बऱ्याच जणांनी खत करायची लाखाच्या घरातली मशीनं घेतली. त्यातली किती चालू आहेत मला माहिती आहे, कारण बंद पडलेली दोन माझ्याकडेच आलीत, पत्र्याच्या भावानं. साध्या विटांच्या हौदात नारळाच्या शेंड्या, वाळका पाला आणि ओला कचरा थरावर थर टाकून खत होतं हो, वास येतो तो पाणी जास्त आणि पाला कमी झाला की. गांडूळखत केलं तर महापालिका प्रॉपर्टी टॅक्समधे ५ टक्के सवलत देते, ती मिळवायला माणूस नेमलात तरी परवडेल. आणि हे सगळं नाही केलं तर कचरा जातो कुठं? उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं आपल्या शहराचा कचरा नाकाशी घेतला, विहिरी खराब झाल्या, किती आंदोलनं केली, गाड्या अडवल्या. गाड्या अडवल्या की चार दिवस आपल्या चौकात ढीग लागायचे आणि आपण म्हणायचो काय हे गाववाले. त्यांच्याकडे तर तो ढीग कायमचा होता.

आणि मावशींबद्दल. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, बाबा आढाव आणि बाकीच्यांनी मिळून या बायकांची संघटना बांधली, आणि त्यातूनच पुढे २००८ ला "स्वच्छ" ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदार कचरा घ्यायला लागली. लोक बाहेरगावाहून हे बघायला येतात. आपण मात्र गेटवर त्यांना विचारतो, "लिफ्ट का वापरली?" त्यांची कमाई दोन तुकड्यांत असते, तुम्ही महिन्याला देता ते एक, आणि सुका माल विकून येतात ते दुसरं. तुम्ही फक्त पहिलं बघता आणि म्हणता एवढे पैसे देतो की. दुसरं बंद झालं तर पहिल्यात भागत नाही. आणि ते दुसरं आहे म्हणूनच त्या तो माल निवडतात, दुपारभर उकिडवं बसून, पंचवीस प्रकारात, म्हणजे कागदात पांढरा वेगळा, पेपर वेगळा, पुठ्ठा वेगळा. हे काम कुठलीच गाडी करणार नाही, कारण कॉन्ट्रॅक्टरला जिथं उचललेल्या वजनाचे पैसे मिळतात तिथं त्यानं वजन कमी कशाला करायचं?

त्यांनी मला काही सांगायला सांगितलेलं नाही, पण मी सांगतो. वापरलेले पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्यावर पेनानं लाल ठिपका काढा, ही त्यांचीच मोहीम होती, म्हणजे कुणाला उघडून बघायची पाळी येत नाही. फुटलेली काच जाड कागदात, वर "काच" लिहून. दाढीचं ब्लेड, इन्शुलिनची सुई झाकण लावलेल्या जुन्या बाटलीत. एका मावशीचा अंगठा सुईनं गेल्या दिवाळीत असा सुजला होता की पंधरा दिवस काम नाही, आणि ती सुई कुणाची असेल, त्यानं काय होईल या विचारानं झोप नाही ती वेगळी.

काही लोक म्हणतील भंगारवाला आम्हाला शिकवतोय, आणि भंगारवाले काट्यात मारतात. मारायचे काही जण, खोटं कशाला बोलू, आमच्या धंद्याला ते नाव लागलंय ते फुकट नाही. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तुमच्या बाजूला तोंड करून ठेवलाय, आणि घरून वजन करून आणलं तरी राग नाही.

तर मागणी एवढीच की येत्या मीटिंगमधे तो कॉन्ट्रॅक्टरचा विषय परत घ्या, आणि त्या मीटिंगला मावशींना बोलवा, खुर्चीवर बसवा, पायरीवर नको. ओल्याची गाडी कॉन्ट्रॅक्टरकडे ठेवायची तर ठेवा, सुकं त्यांच्याकडे राहू द्या. दुकानदार असोसिएशननं तेलाचं आणि बॅटऱ्यांचं एकत्र ठरवलं तर प्रत्येकाला वेगळा टेम्पो बोलवायला लागणार नाही. मी सकाळी ९ ते रात्री ८ दुकानात असतो, सोमवार बंद.

जाता जाता एक. मागच्या आठवड्यात कुणाच्या तरी रद्दीत दहावीचं मार्कशीट आलंय, २००९ चं, गणितात ९१ आहेत. नाव इथं लिहीत नाही. गादीखाली जपून ठेवलंय, ज्याचं असेल त्यानं बैठक नंबर सांगून घेऊन जावं. लॅमिनेशन केलेलं आहे, त्यामुळे तसंही मला त्याचा उपयोग नाही.